पावती फाडण्यापूर्वी

दसरा-दिवाळी जवळ आली की पनागरसारख्या लहान गावातही पावतीपुस्तके दारोदार फिरू लागतात. कुणाला गोशाळेसाठी वर्गणी हवी असते, कुणाला अनाथाश्रमासाठी, तर कुणाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधायची असते. दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नये अशी घराची रीत असते. घरातला कर्ता माणूस शंभर-दोनशे रुपये काढून देतो आणि पावती देवघराच्या फळीवर जाऊन पडते. जबलपूरच्या आसपास राहणाऱ्या जुन्या मराठी घरांत याशिवाय नागपूर, अमरावती किंवा पुण्याकडची एखादी संस्थाही ठरलेली असते. आजोबा तिला मनीऑर्डर करत, मुलगा चेक पाठवू लागला, नात मोबाइलवरून पैसे पाठवते. शिरस्ता तोच राहतो.

संस्था खरी की बोगस, एवढे बहुतेक जण पाहतात. हिशेब मागणारे थोडे असतात. पण ही संस्था आपल्या दारातून कुणाला परत पाठवते, असे विचारणारे अगदीच विरळा.

तो प्रश्न आता घरातूनच येऊ लागला आहे. कॉलेजात शिकणारी नात म्हणते, "या वसतिगृहात तृतीयपंथी मुलांना घेत नाहीत. शिक्षक समलिंगी आहे असे कळले तर त्यालाही काढून टाकतात. अशांना पैसे कशाला द्यायचे?" आजोबा म्हणतात, "अगं, तिथे दीडशे गरीब मुले दोन वेळ जेवतात. एकासाठी दीडशेंच्या ताटातली पोळी काढून घेऊ का?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच आवाज चढवून हा वाद मिटत नाही. त्याचा थोडा शांतपणे विचार करायला हवा.

भीक मिळते, खाट मिळत नाही

पनागरवरून जाणारा रस्ता पुढे सिहोऱ्यावरून कटनीला जातो. या पट्ट्यातल्या लोकांना किन्नर समाज अपरिचित नाही. घरात मूल जन्मले किंवा सून आली की किन्नर बधाई मागायला येतात आणि लोक ती देतातही. इतकेच काय, लोकांनी त्यांना मतेही दिली आहेत. शहडोल जिल्ह्यातल्या सोहागपूर मतदारसंघाने शबनम मौसी यांना विधानसभेत पाठवले. 2003 पर्यंत त्या आमदार होत्या. कटनीकरांनी तर 2000 साली कमला जान यांना महापौरपदी बसवले.

कमला जान यांची गोष्ट मात्र तिथेच संपली नाही. ते पद महिलांसाठी राखीव होते. त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले. 2002 मध्ये कटनीच्या न्यायालयाने निवड रद्द ठरवली आणि 2003 मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. किन्नर व्यक्ती कायद्याच्या नजरेत पुरुषच, तेव्हा तिला महिलांच्या जागेवर बसता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. मतदारांनी ज्यांना आपले मानले, त्यांच्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. हा रकाना मिळायला पुढे 11 वर्षे लागली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतंत्र ओळख मान्य केली आणि मूलभूत हक्क त्यांनाही तितकेच लागू आहेत असे स्पष्ट केले.

पण न्यायालयाच्या निकालाने धर्मशाळेच्या व्यवस्थापकाचे मन बदलत नाही. टाळी वाजवून मागितले तर याच माणसांना पन्नास-शंभर रुपये सहज मिळतात, कारण त्यांचा आशीर्वाद हवा असतो आणि शापाची भीती असते. तेच माणूस तापाने फणफणत धर्मादाय दवाखान्यात आले, तर पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचे की बायकांच्या, यावर चर्चा सुरू होते आणि शेवटी 'दुसरीकडे पाहा' असे सांगितले जाते. समाज त्यांना भीक घालतो, पण ज्याला दान म्हणावे, म्हणजे शाळेतली जागा, रात्रीचा निवारा, आजारपणातली खाट, ते देताना हात आखडतो.

समलिंगी स्त्री-पुरुषांची अडचण वेगळी आहे. ते ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांना दारातून परत पाठवले जात नाही. ते आत येतात, शिकतात, शिकवतात, सेवा करतात, आणि कुणाला कळले की एका दिवसात परके होतात. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कविता लिहीत. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, त्यांच्या खासगी आयुष्याचे चित्रण केले आणि विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी त्यांनाच निलंबित केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवडाभरातच, 7 एप्रिलला, ते आपल्या घरात मृतावस्थेत आढळले. पुढे 2016 मध्ये त्यांच्यावर 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट आला. आयुष्यभर परक्या प्रांतात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आले. विद्यापीठ ही काही धर्मादाय संस्था नव्हे. पण घडते कसे, ते यातून कळते.

सेवाभाव आणि अट

यावर कुणी म्हणेल, संस्था वाईट असेल तर प्रश्नच नाही, तिला पैसे देऊ नयेत. खरी पंचाईत होते ती संस्था चांगली असते तेव्हा.

मदर तेरेसा यांनी 1950 साली कोलकात्यात स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेच्या कामाबद्दल वेगळे सांगायला नको. रस्त्यावर मरायला टेकलेल्यांना, कुष्ठरोग्यांना तिने जात-धर्म न विचारता उचलले. 2015 मध्ये केंद्र सरकारने दत्तक देण्याचे नियम बदलले. अर्ज संगणकावरून होऊ लागले आणि अविवाहित, घटस्फोटित अशा एकट्या पालकांनाही नियमाप्रमाणे मूल देणे संस्थांना भाग पडले. मिशनरीज ऑफ चॅरिटीला हे पटले नाही. मुलाला आई आणि वडील दोघेही हवेत, शिवाय एकटा पालक उद्या समलिंगी निघाला तर काय, अशी भीती संस्थेच्या भगिनींनी उघडपणे व्यक्त केली. अखेर आपल्या 13 केंद्रांची दत्तक देण्याची मान्यता काढून घ्यावी असे संस्थेनेच सरकारला कळवले.

या घटनेकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. संस्थेने नियम चोरून मोडला नाही. जे मनाला पटत नाही ते करायचे नाही म्हणून ती सरळ बाजूला झाली. हा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. पण तिच्या या निर्णयामुळे त्या 13 केंद्रांतून मुलांना घर मिळण्याची वाट बंद झाली, हेही खरेच. जो गुन्हा कुणी केलेला नाही, त्याच्या नुसत्या शंकेने दार लावले गेले. एखादी अविवाहित शिक्षिका आयुष्यभर पै पै साठवून एका अनाथ मुलीला घरी आणू पाहते. तिच्याकडे संशयाने पाहणे हे त्या मुलीच्या हिताचे नव्हते.

मग अशा संस्थेला पैसे द्यावेत की नाही? याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. आधी पाहावे की भेदभाव नेमका कुठे होतो.

श्रद्धा वेगळी, दार वेगळे

काही संस्थांच्या चालकांच्या मनात समलिंगी संबंधांविषयी नापसंती असते. धर्माची शिकवण म्हणून असेल, वयामुळे असेल. पण दवाखान्यात आलेल्या रुग्णाला ते कधी काही विचारत नाहीत, सर्वांना सारखेच औषध देतात. अशा संस्थेची देणगी केवळ चालकांच्या मतासाठी बंद करणे योग्य नाही. सेवा घेणाऱ्याला मताचा चटका बसत नसेल, तर मत त्यांचे त्यांच्यापाशी. तसे पाहिले तर ज्या घरातून देणगी जाते, त्या घरातही चार माणसांची पाच मते असतात.

दुसरी गोष्ट नोकरीची. सेवा सर्वांना, पण स्वयंपाकी, शिक्षक, नर्स मात्र 'तसले' नकोत, असे जिथे असते तिथे देणाऱ्याने गप्प बसू नये. ज्याचे पोट त्या पगारावर आहे, त्याला त्याच्या कामातल्या दोषावाचून काढणे हा अन्याय आहे, मग तो कितीही पुण्यकार्याच्या आडून होवो. इथे लगेच हात आखडण्याऐवजी आधी पत्र लिहावे, विश्वस्तांना भेटावे, उत्तर मागावे.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. गरज घेऊन आलेल्या माणसालाच संस्था परत पाठवते: मुलाला शाळेत घेत नाही, रुग्णाला खाट देत नाही, पावसात उभ्या असलेल्याला निवारा देत नाही. इथे मात्र विचाराला जागा नाही. तिथे जाणारा पैसा थांबलाच पाहिजे. दान देणाऱ्याचा हात संस्थेच्या हातात मिसळलेला असतो. ती घास भरवते तेव्हा त्याचे पुण्य देणाऱ्याला हवे असते. मग ती धक्का मारून बाहेर काढते, तेव्हा त्याचा वाटाही त्यानेच उचलायला नको का?

ताटातल्या घासाचे काय?

आजोबांचा प्रश्न उरतोच. देणगी थांबली तर शिक्षा कुणाला होते?

याचा एक बोलका दाखला अमेरिकेतला आहे. वर्ल्ड व्हिजन ही ख्रिस्ती संस्था गरीब देशांतल्या मुलांचे पालकत्व देणगीदारांना देते. भारतातही ती या योजनेमुळे अनेक वर्षे परिचित होती. 24 मार्च 2014 रोजी तिच्या अमेरिकेतल्या शाखेने जाहीर केले की यापुढे समलिंगी विवाह केलेल्या ख्रिस्ती व्यक्तींनाही नोकरी मिळेल. त्याबरोबर सनातनी देणगीदार भडकले आणि हजारोंनी पालकत्व रद्द केले. दोनच दिवसांत, 26 मार्चला, संस्थेने निर्णय मागे घेतला. त्यावर दुसऱ्या बाजूचे लोक संतापले. या भांडणात ज्या मुलाची फी अडकली, त्याला ना समलिंगी विवाह म्हणजे काय ते ठाऊक होते, ना अमेरिकेतले कर्मचारी नियम.

बहिष्कार हे शस्त्र दोन्ही बाजूंना वापरता येते आणि त्याचा पहिला घाव बहुधा तिसऱ्यालाच लागतो, हा त्यातला धडा. म्हणून ज्या मुलाचा वर्षाचा खर्च कबूल केला आहे, तो वर्ष संपेपर्यंत द्यावाच. शब्द दिलेला असतो तो मुलाला. मात्र त्याच वेळी संस्थेला लेखी कळवावे की पुढच्या वर्षीचा निर्णय तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. आणि उत्तर न आल्यास ती रक्कम घरखर्चात जिरवू नये. जे पैसे दीडशे मुलांच्या ताटासाठी बाजूला काढले होते, ते तशाच दुसऱ्या मुलांच्या ताटात पडले पाहिजेत. तत्त्वाच्या नावाखाली देणगी बंद करून तेवढ्यात नवा मिक्सर आणणे याला तत्त्व म्हणत नाहीत.

काहींसाठी आणि काहींशिवाय

आणखी एक शंका नेहमी निघते. अंधशाळा फक्त अंधांसाठी असते, महिला वसतिगृह फक्त महिलांसाठी असते. मग तोही भेदभावच नाही का?

नाही. ज्याच्यापर्यंत काही पोचत नाही त्याच्यासाठी खास सोय करणे आणि सर्वांसाठी असलेल्या सोयीतून एकालाच वगळणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली, कारण त्या मुलांना इतरत्र कुणी राहू देत नव्हते. पुढे 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवले. दोघांचा उद्देश एकच होता, मूल दाराबाहेर राहू नये.

त्याहून जुने उदाहरण पुण्याचे आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे त्यांनी जाहीरच केले होते. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने या बायका पापी होत्या. ज्या उच्चवर्णीयांनी फुले दांपत्याचा छळ केला, त्यांच्याच घरातल्या त्या होत्या. तरी तिथे कुणाची चौकशी झाली नाही. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत. त्याला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. दान कसे असावे याचा याहून स्वच्छ नमुना शोधायला दूर जायला नको.

सरकारलाही हा फरक कळतो. देणगीवर करात सवलत देणाऱ्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातल्या 80-जी कलमाने अट घातली की संस्था एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी नसावी. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुले यांच्यासाठीच्या संस्थांना मात्र ही अट आडवी आणली नाही. माणूस समलिंगी किंवा तृतीयपंथी आहे म्हणून त्याला वगळणाऱ्या संस्थांबद्दल त्या कलमात शब्द नव्हता. ती उणीव निदान देणाऱ्याने स्वतःच्या मनात भरून काढावी.

विचारायचे कसे?

पावतीपुस्तक घेऊन आलेल्या पोराशी दारात वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला पाणी द्यावे आणि संस्थेचा पत्ता घ्यावा. मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यासांची नोंदणी 1951 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्रातल्या संस्थेसाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. संस्थेचे उद्दिष्ट काय, विश्वस्त कोण, हे तिथल्या नोंदीत असते.

मग विश्वस्तांना साध्या भाषेत चार प्रश्न लिहावेत. तुमच्याकडे तृतीयपंथी मूल किंवा रुग्ण आल्यास त्याला प्रवेश मिळतो का? मिळत असल्यास झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय? कर्मचाऱ्याच्या खासगी आयुष्यावरून त्याला काढण्याचा नियम आहे का? आणि तक्रार कुणाकडे करायची? हे विचारायला धाडस लागत नाही. 2019 मध्ये संसदेने केलेल्या आणि 10 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींबाबत शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा आणि निवारा यांत भेदभाव करायला मनाई केली. आस्थापनेच्या व्याख्येत सरकारी कचेऱ्यांबरोबर खासगी संस्था आणि ट्रस्टही घातले आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा असे सांगितले. म्हणजे देणगीदार विचारतो ते संस्थेच्या कर्तव्याविषयीच असते.

समलिंगी व्यक्तींना असे वेगळे कवच मिळाले नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात त्यांच्या विवाहाला मान्यता मिळाली नाही आणि जोडप्याने मिळून मूल दत्तक घेण्याची मुभाही मिळाली नाही. कायदा जिथे थांबतो, तिथे देणाऱ्याच्या एका पत्राचे वजन वाढते. पंधरा-वीस देणगीदारांची सारखीच पत्रे आली की विश्वस्तांच्या बैठकीत विषय निघतोच. पुष्कळदा संस्थेने कुणाला मुद्दाम वगळलेले नसते; आजवर कुणी विचारलेच नाही, म्हणून जुना नियम तसाच चालत आलेला असतो.

थांबवलेले पैसे कुठे द्यावेत, याचीही उत्तरे आहेत. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या आरोग्यासाठी काम करत आला. गौरी सावंत यांनी तिथेच सखी चारचौघी ट्रस्ट उभा केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीतून या विषयावर भरपूर लिहिले. घराने टाकलेल्या तृतीयपंथी व्यक्तींसाठी केंद्र सरकारने 2020 पासून 'गरिमा गृह' नावाची निवारागृहे स्वयंसेवी संस्थांमार्फत सुरू केली. पण प्रत्येकाने तिकडेच द्यावे असे मुळीच नाही. जवळचा एखादा साधा दवाखाना, जिथे कुणालाही काही न विचारता तपासले जाते, तोही तितकाच पात्र आहे.

आता नातीने आजोबांना काय सांगावे? हेच, की दीडशे मुलांचा घास हिरावायचा नाही. फक्त एकशे एकावन्नाव्या मुलासाठी विचारायचे आहे. ते मूल कुणाचे असेल हे आधी कळत नसते. समलिंगी किंवा तृतीयपंथी मुले काही वेगळ्या मुलखातून येत नाहीत. ती याच गल्लीतल्या, याच पावत्या फाडणाऱ्या घरांत जन्मतात आणि पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत काही बोलत नाहीत. घरात वर्गणीवरून वाद चालू असताना जेवता जेवता ती सगळे ऐकत असतात. ज्या दाराला आजोबा पैसे देतात ते दार माझ्यासाठी बंद आहे, एवढेच त्या मुलाला समजले, तर तो आपले मन घरातही कधी उघडणार नाही.